माणूस प्यायलेला नव्हता: मिनामाताच्या आजाराची गोष्ट

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. लोकलच्या गर्दीत हेडफोन सापडत नाही तेव्हा निवांत वाचता यावं म्हणून. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, त्यामुळे भाषा थोडी घरगुती वाटेल. चालवून घ्या.

गोष्ट आहे जपानमधली, पण सुरुवात माझ्या घरापासून करतो.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी पायी पंढरपूर, एकादशी चुकवायची नाही. दारूचा तर विषयच नाही. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना फिट येऊ लागल्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी फेनिटॉइनची गोळी चालू केली आणि फिट थांबल्या. वर्षभरानं पुन्हा एक फिट आली, म्हणून गोळीचा डोस थोडासा वाढवला. थोडासाच.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत आप्पांची चाल बदलली. पाय फाकवून, भिंतीचा आधार घेत चालायचे. वळताना झोक जायचा. जीभ जड झाली. चहाची कपबशी तोंडापर्यंत नेईपर्यंत निम्मा चहा धोतरावर. आणि मग पारावर कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्यानं माळ काढली वाटतं."

हे आजीच्या कानावर आलं. ती काही बोलली नाही, पण त्या आठवड्यात दळण आणायलासुद्धा बाहेर पडली नाही. आप्पांनी भजनाला जाणं सोडलं.

शेवटी काका त्यांना शहरात मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी तेव्हा अकरावीत होतो, मीही सोबत गेलो. डॉक्टर बाई म्हणाल्या, "आजोबा, आधी माझ्या बोटाला बोट लावा, मग स्वतःच्या नाकाला." आप्पांचं बोट दर वेळी थोडं पुढे निघून जायचं. मग टाचेला अंगठा टेकवत सरळ रेषेत चालायला सांगितलं. दुसऱ्याच पावलाला काकांना धरावं लागलं. बाईंनी डोळ्यांसमोर पेन फिरवलं, तर बुबुळं बारीक थरथरत होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गोळी कधी वाढवली?"

रक्त तपासलं. या औषधाचं रक्तातलं प्रमाण साधारण दर मिलीलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम असावं लागतं. आप्पांचं तिशीच्या वर गेलं होतं. बाईंनी समजावून सांगितलं, की यकृत हे औषध एका मर्यादेपर्यंतच निकालात काढू शकतं. घरातल्या मोरीसारखं आहे. पाणी वाहून जातंय तोवर ठीक, पण मोरी पूर्ण भरून वाहत असताना एक तांब्या जास्त ओतला तरी घरभर पाणी होतं. डोस उतरवला आणि तीन आठवड्यांत आप्पा सरळ चालायला लागले. भजनालाही गेले. पारावर मात्र कुणी म्हणालं नाही, की आम्ही चुकलो.

या प्रकाराला अटॅक्सिया म्हणतात. ताकद असते, अर्धांगवायू नसतो, पण हालचालींचा ताळमेळ जातो. आणि हा ताळमेळ ज्याच्याकडे आहे तो म्हणजे लहान मेंदू. मी याबद्दल वाचत गेलो तसतसा एका अशा गावापर्यंत पोचलो, जिथे आधी मांजरं झोकांड्या खाऊ लागली आणि मग माणसं.

कबुतर, आणि डोक्याच्या मागचा कारभारी

आधी दोन मिनिटं लहान मेंदूबद्दल. डोक्याच्या मागच्या भागात, मानेच्या थोडा वर तो बसलेला असतो. वजन सगळ्या मेंदूच्या साधारण एक दशांश, पण मेंदूतल्या अर्ध्याहून जास्त चेतापेशी एवढ्याशा जागेत असतात. १८२४ मध्ये पिएर फ्लुरॉ या फ्रेंच शास्त्रज्ञानं कबुतरांचा लहान मेंदू काढून काय होतं ते प्रसिद्ध केलं. कबुतर आंधळं होत नव्हतं, लुळंही पडत नव्हतं. पंख हलायचे, पाय हलायचे, पण एकमेकांशी जुळून नाही. उडणं जमेना, उभं राहणं जमेना.

म्हणजे हात उचलायचा हा हुकूम मोठ्या मेंदूचा. पण किती, कुठपर्यंत, कोणत्या वेगानं आणि कुठे थांबायचं हा हिशेब लहान मेंदूचा. हिशेब चुकला की बोट नाकाच्या पुढे जातं.

आणि हा कारभारी विषाच्या बाबतीत फार नाजूक आहे. दारू चढल्यावर माणूस झोकांड्या खातो, त्याचं एक मोठं कारण हेच. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांच्या लहान मेंदूचा मधला भाग झडत जातो आणि मग न पितासुद्धा चाल प्यायल्यासारखी राहते. लिथियमचं प्रमाण रक्तात वाढलं, मेट्रोनिडॅझोल फार दिवस चाललं, तरी हे होऊ शकतं. औषधाचं वेळेत लक्षात आलं तर बहुतेकदा माणूस परत येतो. आप्पा आले. पण काही विषं अशी आहेत की ती आलेला रस्ताच मोडून टाकतात.

नाचणारी मांजरं

जपानच्या दक्षिणेला क्युशू नावाचं बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, कुमामोतो प्रांतात, मिनामाता. समोर शिरानुई समुद्र, चारी बाजूंनी जमिनीनं वेढल्यासारखा, शांत. किनाऱ्यावर कोळ्यांच्या वाड्या. मासे रोजचे, तिन्ही त्रिकाळ. गावात १९०८ पासून एक रासायनिक कारखाना. कंपनी पुढे चिस्सो या नावानं ओळखली गेली. १९३२ पासून तिथे ॲसिटाल्डिहाइड तयार होऊ लागलं. त्यापासून पुढे ॲसिटिक ॲसिड, प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं वगैरे. या प्रक्रियेत पारा लागायचा, आणि उरलेलं पाणी सरळ खाडीत सोडलं जायचं.

१९५० नंतर कोळीवाड्यांत विचित्र गोष्टी दिसू लागल्या. मासे पाण्यावर तरंगायचे. कावळे उडता उडता पडायचे. आणि मांजरं... त्यांची चाल बिघडायची, मागचे पाय गोळा व्हायचे, स्वतःभोवती गरागरा फिरायची, भिंतीवर आपटायची, कधी समुद्रात पडून मरायची. लोक म्हणायचे, मांजरं नाचतायत.

२१ एप्रिल १९५६. पाच वर्षांची एक मुलगी कारखान्याच्याच दवाखान्यात आणली गेली. चालताना पडत होती, बोलणं अडखळत होतं, मग झटके येऊ लागले. दोनच दिवसांत तिच्या धाकट्या बहिणीला तसंच. शेजारच्या घरातही तसंच. दवाखान्याचे प्रमुख होते डॉक्टर हाजिमे होसोकावा. त्यांच्या लक्षात आलं, की ही एकटीदुकटी केस नाही. १ मे १९५६ ला त्यांनी सरकारी आरोग्य केंद्राला कळवलं, की मज्जासंस्थेच्या एका अज्ञात आजाराची साथ आली आहे. तोच दिवस आज या आजाराचा अधिकृत शोध म्हणून धरतात.

पण "साथ" या शब्दानं काय केलं बघा. लोकांना वाटलं, लागट रोग आहे. आजाऱ्यांना वेगळं ठेवलं, घरांवर औषध फवारलं. आपल्याकडे पारावर जे झालं, तेच तिथे मोठ्या प्रमाणावर झालं. ज्याची चाल बिघडली, दोष त्याच्याच घराला लागला. शेजारी घरासमोरून जायचे टाळू लागले, दुकानदार त्यांच्या हातून पैसे घ्यायला कचरू लागले. त्यातून कोळ्यांपुढे दुसरा पेच. आजार माशांमुळे आहे असं म्हणावं तर मासे कोण घेणार? त्यामुळे घरातलं माणूस थरथरतंय हे लपवण्याकडेच कल.

उत्तर आधीच छापलेलं होतं

कुमामोतो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी काम हाती घेतलं. १९५६ संपायच्या आत त्यांचा अंदाज झाला होता, की हा संसर्ग नाही, मासे-शिंपल्यांतून पोटात जाणाऱ्या कुठल्यातरी जड धातूची ही विषबाधा आहे. पण धातू कोणता? मँगनीज, सेलेनियम, थॅलियम, एकेक तपासत गेले. कारखाना माहिती देत नव्हता.

गंमत, गंमत कसली, दुःखाची गोष्ट अशी, की उत्तर आधीच छापलेलं होतं. १९३७ मध्ये इंग्लंडमध्ये बियाण्याला लावायची बुरशीनाशक पावडर बनवणाऱ्या एका कारखान्यात चार कामगार आजारी पडले होते. पावडरीत मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं सेंद्रिय रूप. चौघांत तीच लक्षणं: चालीचा तोल गेलेला, बोलणं जड, आणि नजर बोगद्यातून बघितल्यासारखी आकसलेली. डोनाल्ड हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० मध्ये हे प्रसिद्ध केलं. चौघांपैकी एक जण पंधरा वर्षांनी, १९५२ मध्ये वारला. शवविच्छेदनात त्याचा लहान मेंदू आकसलेला दिसला. ते १९५४ मध्ये छापून आलं. मिनामातातली ती मुलगी दवाखान्यात येण्याच्या दोन वर्षं आधी.

१९५८ मध्ये डग्लस मॅकअल्पाइन नावाचे ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ मिनामाताला गेले. रुग्ण पाहून त्यांना इंग्लंडमधल्या त्या कामगारांची आठवण झाली, आणि तसं त्यांनी लिहिलं. इकडे कुमामोतोचे तादाओ ताकेउची सूक्ष्मदर्शकाखाली मृतांचे मेंदू पाहत होते. लहान मेंदूतल्या बारीक दाणेदार पेशींचा थर झडून गेलेला, आणि त्या शेजारच्या मोठ्या पुर्किंजे पेशी त्या मानानं शाबूत. इंग्लंडच्या कामगारासारखंच चित्र. जुलै १९५९ मध्ये विद्यापीठाच्या गटानं जाहीर केलं: सेंद्रिय पारा.

हा पारा मेंदूत शिरतो कसा, तेही ऐका. मिथाइल मर्क्युरी शरीरात सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाला चिकटतं. ही जोडी दिसायला मिथिओनिन या रोजच्या, गरजेच्या अमिनो आम्लासारखी. मेंदूच्या दारावरचा पहारेकरी ओळखीचा पाहुणा समजून तिला आत सोडतो. वेश पालटून आलेला चोर. एकदा पेशी मेल्या की त्या परत येत नाहीत. त्यामुळे इथे डोस कमी करून तीन आठवड्यांत बरं होण्याचा प्रश्नच नव्हता.

मग मोजमापं घेतली. कारखान्याच्या गटाराच्या तोंडाशी एका टन गाळात जवळजवळ दोन किलो पारा होता. रुग्णांच्या केसांत दहा लाख भागांत ७०५ भागांपर्यंत पारा सापडला. दूरच्या लोकांच्या केसांत तो सरासरी ४ होता.

मांजर क्रमांक ४००

आता या गोष्टीतला तो भाग, जो मला सगळ्यात जास्त छळतो.

डॉक्टर होसोकावा कंपनीचे नोकर. पण डॉक्टर. त्यांनी स्वतः मांजरांवर प्रयोग चालू केले होते. जुलै १९५९ मध्ये त्यांनी एका मांजराच्या खाण्यात थेट ॲसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी मिसळायला सुरुवात केली. त्याचा क्रमांक ४००. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते मांजर डगमगू लागलं. लाळ गळली, झटके आले, गरागरा फिरलं. खाडीतल्या मांजरांनी केलं होतं तेच.

होसोकावांनी वरिष्ठांना सांगितलं. वरिष्ठांनी प्रयोग थांबवायला सांगितलं, आणि निष्कर्ष बाहेर गेला नाही. होसोकावाही गप्प राहिले.

पुढचे तीन महिने नुसते तारखांनी सांगतो. १२ नोव्हेंबर १९५९ ला आरोग्य मंत्रालयाच्या समितीनं अहवाल दिला, की कारण सेंद्रिय पाऱ्याचं एखादं संयुग आहे. तो कुठून आला, यावर शब्द नाही. दुसऱ्याच दिवशी तो अभ्यासगट बरखास्त. २४ डिसेंबरला कारखान्यात सांडपाणी शुद्ध करायचं नवं यंत्र थाटामाटात चालू झालं आणि कंपनीच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर ग्लासभर पाणी पिऊन दाखवलं. ते यंत्र सेंद्रिय पारा काढण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. ३० डिसेंबरला रुग्णांच्या कुटुंबांशी करार झाला. मृत्यू झाला असेल तर तीन लाख येन, आजारी मोठ्या माणसाला वर्षाला एक लाख, मुलाला तीस हजार. या पैशाला नाव दिलं होतं सांत्वनाची रक्कम, भरपाई नव्हे. आणि खाली एक अट: उद्या दोष कारखान्याचाच निघाला, तरी पुन्हा काही मागायचं नाही.

ही अट लिहिली गेली तेव्हा मांजर क्रमांक ४०० मरून दोन महिने झाले होते.

नाळेचा तुकडा

वर्तमानपत्रांनी समजून घेतलं, की प्रश्न मिटला. पण मासाझुमी हारादा नावाचा एक तरुण डॉक्टर घरोघरी फिरत होता. त्याला अशी मुलं दिसली, की ज्यांनी कधी मासा चाखला नव्हता आणि तरी मान धरता येत नव्हती, हात वेडेवाकडे जात होते. आयांना मात्र विशेष काही नव्हतं. पोटातलं बाळ वारेच्या आड सुरक्षित असतं, विष तिथवर पोचत नाही, असा तेव्हाच्या वैद्यकाचा समज होता. आया म्हणत होत्या, आमच्या वाटचं विष बाळानं घेतलं. १९६२ मध्ये अशा सोळा मुलांना जन्मतः मिनामाता रोग असल्याचं मान्य झालं. जपानमध्ये बाळाची वाळलेली नाळ डबीत जपून ठेवायची रीत आहे. पुढे हारादांनी त्या नाळा गोळा करून तपासून घेतल्या. त्यांत पारा होता. आयांनी आठवण म्हणून जपलेली वस्तू पुरावा ठरली.

१९६३ मध्ये विद्यापीठानं कारखान्याच्याच गाळात मिथाइल मर्क्युरी सापडल्याचंही सांगितलं. गटार मात्र चालूच. १९६५ मध्ये पार दुसऱ्या टोकाला, निगाता प्रांतात, आगानो नदीकाठी तोच आजार उगवला. तिथे दुसरी कंपनी, शोवा डेन्को, पण उत्पादन तेच, पारा तोच. मिनामाताचं खरं कारण १९५९ मध्ये उघड झालं असतं, तर निगाताचे किती तरी लोक वाचले असते.

चिस्सोनं ते उत्पादन मे १९६८ मध्ये बंद केलं. ती पद्धत तोवर जुनाट झाली होती, तेलापासून तेच रसायन बनवणं परवडू लागलं होतं. आणि चारच महिन्यांनी, सप्टेंबर १९६८ मध्ये, सरकारनं अधिकृतपणे मान्य केलं, की आजाराचं कारण कारखान्याचं मिथाइल मर्क्युरी. मांजर क्रमांक ४०० नंतर नऊ वर्षांनी.

१९६९ मध्ये रुग्ण कोर्टात गेले. जुलै १९७० मध्ये होसोकावांची साक्ष झाली, कर्करोगानं आजारी असलेल्या माणसाची, दवाखान्यातल्या खाटेवरून. त्यांनी मांजर क्रमांक ४०० ची हकीगत सांगितली. त्याच ऑक्टोबरात ते वारले. मार्च १९७३ मध्ये निकाल लागला, कंपनी दोषी ठरली आणि सांत्वनाचा तो करार कोर्टानं रद्दबातल ठरवला.

होसोकावांना काय म्हणायचं? साथीची पहिली खबर त्यांनीच दिली, प्रयोगही त्यांनीच केला. आणि दहा-अकरा वर्षं गप्पही तेच राहिले. मला त्यांच्यावर राग येतो, आणि खाटेवरून बोलणारा तो माणूस आठवला की राग पूर्ण टिकत नाही. तुम्हीच ठरवा.

गुलाबी गहू

एवढं सगळं होऊन जग शिकलं का? निकाल लागायच्या आधीच, १९७१-७२ मध्ये, इराकमध्ये दुष्काळानंतर बाहेरून बियाण्याचा गहू आला. त्याला मिथाइल मर्क्युरी लावलेलं, खाऊ नये म्हणून गुलाबी रंग दिलेला. पोत्यांवरच्या सूचना स्पॅनिश आणि इंग्रजीत. पेरणीचा हंगाम उलटून गेल्यावर गहू पोचला. भुकेल्या लोकांनी तो धुतला. रंग निघून गेला, विष राहिलं. भाकऱ्या भाजल्या गेल्या. त्रास लगेच होत नाही, काही आठवडे जातात. दवाखान्यांत ६,५३० लोक भरती झाले आणि त्यांतले ४५९ मेले. पुन्हा तीच चाल, तेच अडखळणं, तीच बोगद्यातली नजर.

२०१३ मध्ये पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचं नावच मिनामाता करार. तो १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला आणि २०१८ मध्ये भारतानंही त्याला मान्यता दिली. घरातले पाऱ्याचे थर्मामीटर जाऊन डिजिटल आले, त्यामागे या सगळ्याचाही वाटा आहे.

शेवटी

मिनामाताचे दोन हजारांहून जास्त लोक सरकारी यादीत रुग्ण म्हणून आले. यादीबाहेरचे त्याहून किती तरी जास्त, आणि त्यांचे दावे अगदी अलीकडेपर्यंत कोर्टात चालू राहिले.

मी हे वाचत होतो तेव्हा मला सारखे आप्पा दिसत होते, भिंतीला हात लावून उभे. त्यांच्या वेळी डॉक्टर बाईंनी जो साधा प्रश्न विचारला, "गोळी कधी वाढवली?", म्हणजे शरीरात नवीन काय जातंय, तोच प्रश्न मिनामातात १९५६ मध्येही विचारला गेला होता. फरक एवढाच, की आमच्याकडे उत्तर दडवण्यात कुणाचा फायदा नव्हता.

तेव्हा एक करा. घरातलं, शेजारचं कुणी अचानक झोक खात चालायला लागलं, जीभ जड झाली, तर प्यायलाय म्हणायच्या आधी कोणती गोळी चालू आहे ते विचारा आणि डॉक्टरांकडे न्या. आणि हो, फिटची गोळी स्वतःच्या मनानं कधीही बंद करू नका. एकदम बंद केली तर फिट उलट जोरात येतात. डोस उतरवायचा तो डॉक्टरांनी.

आप्पा जाऊन आता सहा वर्षं झाली. माळ शेवटपर्यंत गळ्यात होती. आजीला मी मिनामाताची ही गोष्ट सांगितली, मांजरांची, नाळेची, सगळी. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या पोरींच्या घरी शेजारी परत आले का रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.